दुसऱ्या घरातले तीन दाणे

१

दुपारी दीडच्या सुमाराला जोर्वेकर सरांच्या घरी जाऊ नये, हे श्रीरामपुरातल्या त्या शिक्षक कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. दार उघडायचं नाही असं नव्हतं. दार उघडायचं, पाणीही मिळायचं, पण सरांच्या बायकोचं, लीनाताईंचं, लक्ष काही तुमच्याकडे नसायचं. जेवणं उरकलेली, ओटा पुसलेला, पदराला हात पुसत त्या मधल्या खोलीत जायच्या, खिडकीपाशी बसायच्या आणि समोरच्या लाकडी पाटीवर एक चाल खेळायच्या. एकच. मग आडव्या व्हायच्या. चाळीस वर्षं हा नेम. एकदा सरांचे हेडमास्तर जेवायला आले होते, तेव्हासुद्धा मठ्ठ्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवून बाई उठल्या त्या उठल्याच. हेडमास्तर बघत राहिले.

खेळ म्हणाल तर पोरासोरांचा. पाटीत ओळीने आठ खळगे कोरलेले, त्यांना घरं म्हणायचं. एका टोकाला पितळेची वाटी बसवलेली, ती कोठी. घरांमध्ये चिंचोके. कोठीलगतचं घर पहिलं, त्याच्या पलीकडचं दुसरं, असं आठव्यापर्यंत. घराचा जो आकडा, नेमके तेवढेच दाणे त्यात साठले की घर पिकलं. तिसऱ्यात तीन, पाचव्यात पाच. पिकलेलं घर उचलायचं आणि कोठीच्या दिशेने एकेका घरात एकेक दाणा पेरत यायचं. शेवटचा दाणा बरोब्बर कोठीत पडतो. म्हणजे कुठलंही घर उचला, कोठीत जातो एकच. कमी दाणे असले तर वाट बघायची. जास्त झाले तर मात्र घर मेलं, कारण न पिकलेल्या घरातला दाणा काढायची मुभाच नाही. आणि एक घर मेलं की डाव अडकला. मग डोकं आपटा नाहीतर नवस बोला, तो काही पुरा व्हायचा नाही.

शामकांत जोर्वेकर गणिताचे मास्तर. त्यांना या खेळाचं खरं वेड होतं ते त्यातल्या गणिताचं. दाणे कितीही घ्या, सगळेच्या सगळे कोठीत पोचतील अशी मांडणी एकच असते. दोन नाहीत. एकच. ती शोधायची रीतही सरळ होती. कोठीकडून पहिलं रिकामं घर बघायचं, कोठीतला एक दाणा आणि वाटेतल्या प्रत्येक घरातला एकेक उचलून त्यात भरायचा. सर त्याला उलटी पेरणी म्हणायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी सुताराकडून पाटी करून आणली आणि तेव्हापासून वाटणीच होऊन गेली. सरांनी उलटी पेरणी करून डाव मांडायचा, लीनाताईंनी रोज एक चाल खेळून तो पुरा करायचा. त्यांना दोन चाली कधी सुचल्या नाहीत असं नाही. "एका दिवसात सगळं संपवून उद्या काय करू?" असं त्या म्हणायच्या.

पौषात नगरच्या डॉक्टरांनी लीनाताईंची फाईल मिटवली आणि घरी न्या म्हणून सांगितलं.  मोटारीत राहुरी मागे पडल्यावर लीनाताई म्हणाल्या, "अहो, आता मोठ्यात मोठा मांडा."

आठ घरांच्या पाटीवर एकोणतिसाच्या पुढे डाव जात नाही. सरांनी एकोणतीस मांडला. एक दाणा गादीखाली गेला तो शोधण्यात अर्धा तास गेला.

"एकोणतीस दिवस," लीनाताई बघून म्हणाल्या. "पुष्कळ झाले. पण हा पुरा केल्याशिवाय मी काही जायची नाही हं, सांगून ठेवते."

अकरा चाली झाल्या. बाराव्या दिवशी सकाळी, चहा अर्धा ठेवून, त्या गेल्या.

२

तेराव्यानंतर माणसं पांगली. मुलगी मैत्रेयी सगळ्यांत शेवटी पुण्याला गेली. जाताना तिने पंधरा वेळा बजावलं की बाबा, तुम्ही चला, आणि सरांनी सोळा वेळा नको म्हटलं. स्वयंपाकाला आणि झाडूपोछाला सविताबाई होत्या, त्यांना तिने कोपऱ्यात घेऊन काय काय सांगितलं. सविताबाई कॉलनीमागच्या वस्तीतल्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारख्या. सर जेवेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत.

पाटी खिडकीत तशीच होती. सरांनी तिला हात लावला नव्हता आणि कुणाला लावूही दिला नव्हता. अठरा दाणे घरांत, अकरा कोठीत. सातव्या घरात सात, पिकलेलं. बाराव्या दिवशीची चाल तीच होती. ती बाईंची राहून गेली.

मैत्रेयी गेली त्या दुपारी सर मधल्या खोलीत आडवे झाले. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही. बाहेर रस्त्यावरून कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. दोनला डोळे उघडले आणि सवयीने नजर खिडकीत गेली.

सातवं घर रिकामं होतं.

सर उठून बसले. चष्मा लावला. पहिल्यात एक, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन, पाचव्यात चार, सहाव्यात सहा. कोठीत बारा. पेरणी तंतोतंत बरोबर.

माणूस गणिताचा. त्याने काही रामनाम घेतलं नाही. त्याने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "सविताबाई, पाटीला हात लावलात?"

"म्या कशापायी लावू? तुमीच म्हनला न्हाई का, लावू नका म्हून. त्या खिडकीला फडकं बी मारलं न्हाई म्या."

"मग दाणे हलले कसे?"

"उंदीर आसंल," सविताबाई भांडी घासता घासता म्हणाल्या. "गावात ऊस तोडाया लागले का घुशी-उंदीर घरात शिरत्यात."

उंदराला सातपर्यंत मोजता येत नाही, हे सरांच्या ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. मग त्यांनी स्वतःवर संशय घेतला. दुःखात माणूस काय काय करतो, झोपेत उठतो, बोलतो. चाळीस वर्षं डोळ्यांपुढे जी चाल झाली ती आपल्याच हाताने झाली असणार. हे पटण्यासारखं होतं, आणि त्यांनी ते पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घरातला एक दाणा कोठीत गेला. तिसऱ्या दिवशी तिसरं घर उचललं गेलं. त्या दुपारी सर खुर्चीत बसले होते आणि त्यांनी दोन्ही पाय मफलरने खुर्चीच्या पायांना बांधून घेतले होते.

३

बघत बसलं की काही होत नसे. हे त्यांच्या चार दिवसांत ध्यानात आलं. डोळे उघडे असले की पाटी आपली पाटी, चिंचोके आपले चिंचोके. दीड वाजता डोळे मिटले की मात्र दोन-चार मिनिटांत आवाज यायचा. आधी दाणे मुठीत घेतल्याची खुसखुस. मग लाकडावर टक. जरा थांबून टक. बाईंची पेरायची लय तीच होती, पहिले दोन दाणे सावकाश आणि मग भराभर. शेवटचा पितळेत पडायचा, टण्ण. त्यानंतर खोलीत एक मोठा श्वास सोडल्यासारखं व्हायचं आणि पलंगाची बाईंच्या बाजूची फळी किंचित वाजायची.

भीती वाटली नाही का? वाटली की. पहिले दोन दिवस सरांना घाम फुटला होता. पण खरं सांगायचं तर चौथ्या दिवसापासून हा माणूस दुपारची वाट बघायला लागला. सकाळी अंघोळ, धुतलेला सदरा. जेवताना सविताबाईंना म्हणाला, "भाजी चांगली झालीय." महिन्याभरात त्याच्या तोंडून जेवणाबद्दल शब्द निघाला नव्हता. सविताबाईंनी ओटा तसाच टाकला आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

मैत्रेयीला फोनवर ते म्हणाले, "मी मजेत आहे."

"बाबा, मजेत?"

"म्हणजे बरा आहे गं. दुपारी झोप लागते."

खोटं काय होतं त्यात! ते खरंच पलंगावर आपल्या बाजूला पडून, डोळे घट्ट मिटून, बायको चाल खेळते आहे ते ऐकायचे. एकदा "सहावं नको, आधी दुसरं" असं तोंडातून निघून गेलं, आणि दाण्यांची खुसखुस थांबली. बाईंना खेळताना सूचना केलेली कधी चालली नाही. सर जीभ चावून गप्प पडले. मग टक झालं, दुसऱ्या घराचंच. सरांना उशीत तोंड खुपसून हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

पण गणित कुणाला सोडत नाही. अठरा होते, ते चौदा झाले, दहा झाले. एका संध्याकाळी सर पाटीपुढे उभे राहिले आणि सहा दाणे उरलेले त्यांना दिसले. तिसऱ्यात दोन, चौथ्यात चार. म्हणजे सहा दुपारी. सातव्या दुपारी या खोलीत कुणी नसेल. डाव पुरा केल्याशिवाय जायची नाही म्हणाली होती, तशी ती थांबली. पुरा झाला की जाणार. ती शब्दाला पक्की होती, हेच तर दुखणं होतं.

४

दुसऱ्या दिवशी चाल झाली, पाच उरले, आणि संध्याकाळी सरांनी उलटी पेरणी केली. कोठीतला एक दाणा, तीन घरांतले एकेक, चौथ्यात चार. पुन्हा सहा. मोडलं काहीच नाही, नियमाला धरूनच केलं. चाळीस वर्षं डाव मांडायचं काम त्यांचंच होतं. मनाशी ते एवढंच म्हणाले की उद्या तिला खेळू दे, परवाही खेळू दे.

नऊ दिवस असे गेले. रोज दीडला टक टक टक टण्ण, रोज दिवेलागणीला सर ते परत मांडायचे. पहिले काही दिवस ठीक होतं. मग लय बिघडायला लागली. बाई दाणे उचलून बराच वेळ थांबायच्या. एकदा पेरताना खोकला ऐकू आला, तो शेवटच्या आठवड्यातला, आतून ओढून काढल्यासारखा. खोलीत औषधांचा वास यायला लागला. नवव्या दिवशी शेवटच्या दाण्यानंतर श्वास सोडल्याचा आवाजच आला नाही. कुणीतरी नुसतं बसून राहिलं होतं. सर डोळे मिटून पडले होते आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे त्यांना पाठीला कळत होतं.

"थोडेच दिवस," सर भिंतीकडे तोंड करून पुटपुटले. "रागावू नकोस."

दहाव्या दिवशी बाई दोन चाली खेळल्या.

चाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. टक टक टक टण्ण, आणि लगेच पुन्हा एक टण्ण.  सरांनी संध्याकाळी दोन वेळा उलटी पेरणी केली. अकराव्या दिवशी तीन चाली झाल्या, घाईघाईने, दाणे पडताना घरंगळत होते. शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. सरांनी पुन्हा सहा मांडले.

बाराव्या दिवशी त्यांना कॉलनीतल्या एका लग्नाला जाणं भाग पडलं. जेवणाची पंगत लांबली. घाम पुसत परत आले तेव्हा चार वाजले होते. चपला न काढताच ते मधल्या खोलीत गेले.

पाटीवर दोन दाणे होते. दोन्ही दुसऱ्या घरात. दुसरं घर पिकलेलं. उद्या दीड वाजता एक टक, दोन टण्ण, आणि सगळं संपलं. तेही बाई उद्यापर्यंत थांबल्या तर. सर तिथे उभे असताना कोठीतला वरचा दाणा हलकेच डुलत होता, नुकताच पडल्यासारखा.

मग त्यांनी जे केलं ते कुणा अडाण्याच्या हातून झालंच नसतं. अडाण्याने दाणे फेकून दिले असते, पाटी चुलीत घातली असती. सरांना गणित येत होतं. तीन दाण्यांची पुरी होणारी मांडणी एकच, पहिल्यात एक आणि दुसऱ्यात दोन. कोठीतला दाणा पहिल्या घरात ठेवला असता तर लीनाताईंना एक चाल जास्त मिळाली असती, एवढंच. दाणा त्यांच्या चिमटीत होता. पहिल्या घरावर क्षणभर थांबलाही. पण एका चालीने काय होणार होतं? उद्या पुन्हा भीती, परवा पुन्हा भीती.

त्यांनी दाणा दुसऱ्या घरात टाकला. दुसऱ्यात तीन. घर मेलं.

"आता कुठं जाशील?" ते म्हणाले. स्वतःच्या आवाजातला आनंद ऐकून त्यांना स्वतःचीच किळस आली. पण दाणा त्यांनी उचलला नाही.

५

दुसऱ्या दिवशी दीडला खुसखुस आली. मग टक, टक, टक. आणि टण्ण नाही.

सर वाट बघत राहिले. पुन्हा तीन दाणे उचलल्याची खुसखुस. टक, टक, टक. जागच्या जागी परत ठेवलेले. बाई मोजत होत्या. आपलं काही चुकलं का बघत होत्या. त्या कधी चुकल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना ते कळतच नसणार. उचलायच्या, मोजायच्या, तीन भरायचे, ठेवायच्या. उचलायच्या, मोजायच्या, ठेवायच्या. तीन वाजले, चार वाजले. कॉलनीतली पोरं शाळेतून आली, पाण्याचा टँकर आला नि गेला. दिवे लागले तेव्हा सर उठून स्वयंपाकघरात गेले आणि कानांवर हात दाबून पाटावर बसले.

त्या दिवसापासून आवाज दीडची वाट बघेना. डोळे उघडे असोत की मिटलेले, पाटीवर कुणाची नजर नसली की तो चालू. सकाळी सर दात घासत असताना चालू, फोनवर बोलत असताना चालू. सविताबाईंनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी पोळपाट तसाच ठेवून त्या मधल्या खोलीच्या दाराशी गेल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि आल्या त्या घामाने भिजून.

"सर, आत कोन बसलंय?"

"कुणी नाही."

"मला सांगू नगा कुनी न्हाई. ताईंच्या हाताला बांगडी व्हती ती म्या घासून दिलीया धा वरसं. तिचा आवाज मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्यांना काय पायजे ते द्या हो. लई तरास हाय त्या जिवाला. प्रभू येशूच्या पुढं म्या मेनबत्ती लावीन, पर तुमी द्या."

"मला द्यायचं नाही म्हणून तर हे झालं, सविताबाई," सर म्हणाले.

सविताबाईंना ते समजलं नाही. पण त्यानंतर त्या आत न येता अंगणातूनच डबा देऊन जायला लागल्या.

त्याच दुपारी सरांनी पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, दार उघडताना लोखंडी कपाटाच्या आरशात, पापणी लवेपर्यंत. खिडकीशी वाकलेली पाठ. डोक्याला तो कॉफी रंगाचा रुमाल, केस गेल्यावर बांधायच्या तो. एक हात पाटीवर, बोटांची नखं औषधांनी काळी पडलेली, आणि ती बोटं दुसऱ्या घरात चाचपडत होती, काळोख्या रात्री उशाशी चष्मा शोधावा तशी. बाईंनी मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं असं सरांना पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं. रागाने का होईना, बघितलं असतं.

६

"लीना, हे घे, हे घे," म्हणत सर पुढे झाले तेव्हा खिडकीत नुसती पाटी होती. त्यांनी दुसऱ्या घरातला तिसरा दाणा काढला आणि खिशात टाकला. दोन उरले. घर पिकलं. ते हात जोडून भिंतीशी बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

खुसखुस. टक, टक, टक.

सरांनी डोळे उघडले. पाटीवर दोन दाणे होते, जागचे हललेले नव्हते. डोळे मिटले. टक, टक, टक. तीन.

त्यांनी पाटी उचलली, बाहेरच्या खोलीत आणली. मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं, पाटी मांडीवर घेतली. मग बाईंच्या ऐवजी स्वतः चाल खेळले. दुसऱ्या घरातले दोन उचलले, एक पहिल्यात, एक कोठीत. टण्ण. मग पहिल्यातला कोठीत. टण्ण. खिशातला दाणाही वाटीत टाकला. पाटी रिकामी, कोठीत एकोणतीस. डाव पुरा झाला होता. सर मोठ्याने म्हणाले, "झालं गं. झालं. जा आता."

बंद दाराआड कुणीतरी तीन दाणे उचलले आणि एकेक करून लाकडावर ठेवले.

तेव्हा या माणसाला कळलं की आपण किती लांब हात घातला होता. मेलेलं घर या पाटीवर राहिलंच नव्हतं. ते तिच्याकडे होतं, आणि तिकडे यांचा हात पोचत नव्हता. सर त्या दिवसापासून दाराशी बसून बाईंना सांगायला लागले, वर्गात मागच्या बाकाला सांगावं तसं, शांतपणे, पुन्हा पुन्हा. "दुसऱ्या घरात तीन झालेत. एक काढून टाक. नियम मोड. मी सांगतो ना, मोड." आत आवाज जरा मंदावल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा लागायचा. चाळीस वर्षांत ज्या बाईने घरातला दाणा पिकल्याशिवाय कधी उचलून नेला नव्हता तिला कोण शिकवणार? मास्तरांचा आवाज बसला. सरांना जेवण जाईना. दाढी वाढली. आपण जिला जीव लावला तिला आपणच पिंजऱ्यात घातलं, एवढं एक वाक्य ते दिवसभर घोळवत बसायचे.

सविताबाईंनी शेवटी मैत्रेयीला फोन केला.

७

मैत्रेयी शनिवारी दुपारी एकच्या गाडीने आली. बापाचा अवतार बघून ती दारातच रडली, मग रागावली, मग तिने बॅग भरायला काढली.

"आज संध्याकाळी निघायचं. मी काही ऐकणार नाही."

"मला येता यायचं नाही, मैत्रेयी."

"का? काय आहे इथं?"

 ती कपडे घ्यायला मधल्या खोलीकडे निघाली, कडीला हात घातला आणि तशीच थांबली. तिच्या पाठीवरून सरांना कळलं की तिला ऐकू येतंय.  लहानपणी शाळेला सुट्टी असली की आईच्या मांडीशी बसून तिने हा खेळ हजार वेळा पाहिला होता, मोजणं तिथेच शिकली होती.

खुसखुस. टक, टक, टक.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही तीन परत ठेवते आहे."

"हो."

"दुसरं घर आहे. आवाज कोठीच्या जवळचा आहे, पण अगदी लगतचा नाही." ती मोजत होती, बापाचीच मुलगी. "दुसऱ्या घरात तीन कसे होतील? एका चालीत एका घरात एकच दाणा पडतो, आणि दोन झाले की आई ते घर उचलायचीच. तिचा डाव कधी अडकला नाही. तिच्याकडून हे होणारच नाही." ती वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आईसाठी भांडायला उठलेल्या लेकीचा संताप होता. "बाबा, तिच्या घरात दाणा कुणी टाकला?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. उंदीर म्हणता आलं असतं. मुलीने ते मानलंही असतं कदाचित, कारण दुसरं काही मानणं अवघड होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. इतके दिवस दाराशी बसून त्यांनी बाईंना सगळं सांगितलं होतं, कुठलं घर, किती दाणे, काय मोडायचं. ही एक गोष्ट सांगितली नव्हती.

"मी," ते म्हणाले. "ती जाऊ नये म्हणून. मुद्दाम टाकला, लीना. मी टाकला."

आतला आवाज थांबला.

मैत्रेयीने बापाचा दंड धरला. दोघं श्वास रोखून उभी होती. दाराआड इतकं शांत झालं होतं की बाहेर अंगणात सविताबाईंनी डबा ठेवल्याचं ऐकू आलं. सरांना वाटलं, आता पितळेत दाणा पडेल. आता दार उघडेल. आता ती काहीतरी बोलेल, चार शिव्या घालेल, चाळीस वर्षांचा हिशोब मागेल. त्यांनी मनातल्या मनात सगळ्याला हो म्हटलं.

बराच वेळ गेला. मग आत बांगडी किणकिणली. मुठीत दाणे घेतल्याची खुसखुस आली, आधीपेक्षा पुष्कळ सावकाश. चूक कुणाची ते तिला कळलं होतं, घर मात्र मेलेलंच होतं.

टक. टक. टक.